आखाजीची मेंदी, कानबाईचा चुना : रोजच्या वापरात खरंच नैसर्गिक काय?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक आणि भाची दोघी गावी आल्या होत्या. झोका बांधला, गाणी झाली, सांजोऱ्या झाल्या. भाचीने तालुक्याच्या बाजारातून मेंदीचे कोन आणले. "आत्या, अर्ध्या तासात काळीभोर रंगते." रंगली खरी. तिसऱ्या दिवशी नक्षीच्या रेषेरेषेवर फोड आले. कोयरी, वेल, ठिपके, सगळी नक्षी जशीच्या तशी फुगून वर आलेली, डोळे मिटून बोटाने चाचपली तरी कळेल अशी. अकरा वर्षांची पोर ती. रात्रभर हात गार पाण्याच्या घमेल्यात बुडवून बसली होती. कोनावर छापलं होतं, 'शंभर टक्के नैसर्गिक'.

आणि आमच्या मळ्याच्या बांधावर मेंदीचं कुंपण आहे, सासूबाईंच्या हातचं. दरवर्षी आम्ही ते छाटतो आणि फांद्या जाळतो. त्या रात्री हे आठवलं आणि फार वाईट वाटलं.

तेव्हापासून न्हाणीघरातली फळी रिकामी करून एकेक डबी वाचतेय. दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली : अंगाला, केसांना, तोंडाला तुम्ही काय वापरता? आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आणि बोरच्या जड पाण्यात टिकणारं सांगा.

दुसरी : श्रावणात आमच्या खान्देशातली देवी कानबाई बसणार, त्याआधी घर रंगवायचं. गावचं घर मातीच्या भिंतींचं, धाब्याचं (वर मातीचं सपाट छप्पर). रंगारी म्हणतो, पुट्टी भरून ऑइलपेंट मारू. मला चुना हवा आहे. घरातले म्हणतात, चुना कपड्यांना लागतो आणि वर्षात पोपडे धरतो.

आजीच्या काळचं म्हणून चांगलं, असं नको. स्वतः करून पाहिलेलं सांगा.

---

पांझराकाठी

वहिनी, पोरीले आते कशी शे? डॉक्टरले दखाडं का?

---

गिरणाकाठ

हो भाऊ, दुसऱ्याच दिवशी धुळ्याला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. फोड बसले. डाग जायला वेळ लागेल म्हणाले.

---

औषधवाली (धुळे)

माझं औषधांचं दुकान आहे. आखाजी आणि लग्नसराईनंतर अशा हातांची दोन-चार माणसं दर वर्षी येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते कातडीतल्या प्रथिनांना धरतं आणि नारिंगी रंग देतं. तोच रंग दुसऱ्या दिवशी गडद होऊन विटकरी-तपकिरी होतो. झाडाची मेंदी अर्ध्या तासात काळी होऊच शकत नाही. काळ्या कोनात बहुतेक वेळा पीपीडी असतं, म्हणजे पॅरा-फेनिलीन-डायअमीन. केस काळे करायच्या डायमध्ये असतं तेच. डायमध्ये ते ठरावीक प्रमाणात, थोड्या वेळासाठी आणि कातडीला कमीत कमी लागेल असं वापरायचं असतं. कोनातून ते थेट कातडीवर तासभर बसतं, तेही किती घातलंय हे कुणालाच ठाऊक नसताना.

गिरणाकाठताई, एक महत्त्वाचं. अशी ॲलर्जी एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. पुढे वीस वर्षांनी भाचीने केसांना डाय लावला तर डोकं, डोळे, चेहरा सुजू शकतो. तिच्या आईला हे सांगून ठेवा, घरच्या औषधांच्या वहीत लिहून ठेवा.

ओळखायचं कसं? खऱ्या मेंदीचा लगदा हिरवट-तपकिरी असतो आणि ओल्या गवतासारखा वास येतो. लगदाच काळा दिसला तर हात लावू नका. तयार पुडीही फार हिरवीगार दिसली तर जपून घ्या, तिला हिरवा रंग चोळलेला असू शकतो.

आणि झाडाची असली तरी तान्ह्या बाळांच्या अंगाला मेंदी लावू नये. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी मेंदीने फुटू शकतात.

---

मेहरूणची_बोर

मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी दहा वर्षं डाय लावते, कधी काही झालं नाही. उलट त्रास झाला तो 'घरगुती' उपायानेच. कुणीतरी सांगितलं म्हणून तोंडाला लिंबू चोळलं आणि तशीच बसस्टॉपवर उभी राहिले. मे महिना, जळगाव. दोन दिवसांनी गालावर ओघळाच्या आकाराचा तपकिरी पट्टा, थेट लिंबाचा रस जिथून उतरला होता तिथून. जायला चार महिने लागले. झाडाचं ते सगळं गरीब, असं समजू नका.

---

औषधवाली (धुळे)

मेहरूणताई बरोबर बोलल्या. लिंबाच्या सालीत आणि रसात उन्हाने पेटून उठणारी द्रव्यं असतात. ती अंगावर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखा डाग पडतो. लिंबू भरितावर पिळा, गालावर नको. खाण्याचा सोडाही तोंडाला लावू नका. कातडी किंचित आंबट असते, साडेपाचच्या आसपास सामू (पीएच). सोडा तिला उलट्या बाजूला ओढतो.

डायबद्दल एवढंच, की दर वेळी कानामागे थेंब लावून ४८ तास बघत जा. दहा वर्षं काही झालं नाही म्हणजे अकराव्या वर्षी होणार नाही, असं नसतं.

---

काळी_माती

मी गिलक्याबद्दल लिहितो. शेतकरी माणूस आहे, सौंदर्यातलं फार कळत नाही, पण अंग घासायला गेली सहा वर्षं गिलक्याशिवाय काही वापरलेलं नाही.

वेलावरची पहिली दोन-तीन मोठी गिलकी तोडायची नाहीत. ती वेलावरच जून होऊ द्यायची. आधी पिवळी पडतात, मग तपकिरी, आणि हातात घेतली की इतकी हलकी लागतात की आत काही आहे की नाही असं वाटतं. कानाशी हलवली की बिया खुळखुळतात. तेव्हा तोडायची. टोकाकडे अंगठा दाबला की साल पापडासारखी फुटते, एका ओढीत लांबच लांब पट्टी निघते. आतून जाळी निघते. उलटी धरून आपटली की काळ्या बिया भसाभस गळतात. त्या पुढच्या वर्षीचं बियाणं. जाळी पाण्यात धुवायची, चिकट गर निघून गेला की उन्हात टाकायची. आपल्या उन्हात दोन तासांत कडक होते. एका जाळीचे तीन तुकडे, एक तुकडा महिनाभर.

ओली ठेवायची नाही, खुंटीला टांगायची. महिन्यानंतर शेणखताच्या खड्ड्यात टाकतो. प्लॅस्टिकची घासणी आमच्या उकिरड्यात नांगराला अजून सापडते, ही सापडत नाही.

---

तापीपूर्णा

काळी_माती भाऊ, बिया मिळतील का?

---

काळी_माती

पत्ता खासगी निरोपात कळवा, टपालाने धाडतो. कितीही.

---

सातपुडा_पायथा (शहादा)

नंदुरबारकडचं सांगतो. आमच्याकडे पावऱ्या-भिल्लांच्या घरी मोहाच्या बियांचं तेल अजून असतं. हिवाळ्यात ते तुपासारखं गोठतं. पायाच्या भेगांना, कोरड्या पोटऱ्यांना त्यासारखं दुसरं नाही. थंडीच्या दिवसांत धडगावच्या बाजूला पहाटे पारा एवढा उतरतो की नारळाचं तेलही बाटलीत दगड होतं, तेव्हा बायका चुलीच्या उबेला मोहाची वाटी ठेवतात आणि बोटभर तेल टाचेत जिरवतात.

शहरात हेच तेल छान डबीत भरून पन्नास ग्रॅमला केवढ्याला तरी विकतात. त्यातला किती पैसा बी वेचणाऱ्या बाईला मिळतो? मोहाची फुलं आणि बिया वेचायला ती पहाटेच्या अंधारात निघते. 'टिकाऊ' म्हणताना नुसतं झाड टिकतंय का एवढंच बघू नका, वेचणारी टिकतेय का तेही बघा. मी गावातूनच घेतो, थेट तिच्या हातात पैसे देऊन.

होळीच्या रंगासाठी पळसाची फुलं उकळतो. रात्री भिजवली की सकाळी पाणी केशरी. कपड्यावर पक्का बसवायचा असेल तर कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढायचं.

---

मेहरूणची_बोर

सातपुडा भाऊ, हे वेचणारीचं बोललात ते मनाला लागलं. मी जी डबी घेते तिच्यावर झाडाचं चित्र आहे, बाईचं नाही.

---

यावलची_केळ

केळीवाल्याशिवाय खान्देशातला धागा पुरा कसा होईल!

एक घड कापला की खोडाचं काम संपतं, त्याला पुन्हा घड येत नाही. मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडाची लागवड) असो की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), कापणीनंतर शेतभर आडवी खोडं. पूर्वी बांधावर फेकायचो, आता बारीक करून जमिनीत घालतो. मध्यंतरी दोन वर्षं धाग्याचं यंत्र चालवलं. खोड उभं चिरायचं, सोपटं, म्हणजे खोडाचे थर, वेगळी करायची, एकेक यंत्राच्या रुळात द्यायचं. पलीकडून ओले, चमकदार, केसांसारखे धागे येतात. दोरीवर वाळत घातले की वारा आला तर सगळं अंगण सोनेरी हलतं. त्याच्या पिशव्या, पायपुसणी, टोपल्या, कागद, सगळं होतं.

पण खरं सांगतो. खोडात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ढीगभर खोडं घातली की मूठभर धागा. खोड कापल्यावर लगेच काढला नाही तर धागा काळवंडतो. वीज रात्री यायची, मजूर दिवसा. मला जमलं नाही. शेजारच्या गावच्या बचतगटाला यंत्र दिलंय, त्यांचं चाललंय, कारण त्यांनी धागा विकायचं सोडून वस्तू विकायला सुरुवात केली. त्यांची टोपली माझ्या घरी तीन वर्षं भाज्यांना आहे. फक्त ओली राहू द्यायची नाही, बुरशी धरते.

---

चुना_आणि_वाळू

गिरणाकाठताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून मी लावतो. वडील गवंडी होते, मी वास्तुरचना शिकलो, जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो.

सगळ्यात आधी : मातीच्या भिंतीवर ऑइलपेंट लावू देऊ नका. हात जोडून सांगतो. मातीची भिंत जमिनीतून ओल वर ओढते आणि अंगातून बाहेर सोडते. ती श्वास घेते म्हणतात ते हेच. तुम्ही तिच्यावर तेलाचा पापुद्रा चढवलात की ओल आतच अडकते. पहिल्या पावसाळ्यात रंगाला फुगे येतात, दुसऱ्यात रंगाबरोबर मातीही सुटून येते. सिमेंटच्या गिलाव्याचं तेच. चांगला गिलावा ढलप्याने पडला की मागे भिंत भुसभुशीत झालेली दिसते, आणि घरमालक म्हणतो, माती वाईट होती.

आता चुना का झडतो. तो झडत नाही, आपण त्याला धड लावत नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो. त्याला त्यासाठी ओल लागते. आपण मे महिन्यात तापलेल्या कोरड्या भिंतीवर दुपारी बारा वाजता जाड हात मारतो. पाणी क्षणात उडून जातं, चुना दगड व्हायच्या आधी पीठ होतो, आणि तेच पीठ पाठीला लागतं.

माझी पद्धत : कळीचा चुना आणा, पुडीतली भुकटी नको. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. उलटं करायचं नाही. फार उकळतं, प्लॅस्टिकची बादली वितळते आणि उडालेला थेंब डोळा घालवू शकतो. लहान मुलं लांब, डोळ्याला चष्मा. किमान आठवडाभर तसाच पाण्याखाली मुरू द्या. मग कापडातून गाळा. डिंकाचं पाणी घाला, चिमूटभर नीळ घाला, म्हणजे पांढरा डोळ्याला गार वाटतो. भिंत आदल्या संध्याकाळी आणि लावायच्या आधी पाण्याने भिजवा. पहिला हात ताकाइतका पातळ. तो पाहून रंगारी हसेल, कारण लावताना काहीच दिसत नाही, वाळल्यावर पांढरा उमटतो. असे तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये एक दिवस. उन्हाची वेळ टाळा.

खाली हातभर उंचीचा पट्टा गेरूचा ठेवा. पाठ टेकते, लेकरांचे पाय लागतात, तिथे पांढरं टिकत नाही. जुन्या लोकांनी तो पट्टा शोभेसाठीच काढला नव्हता.

आधी कधी ऑइलपेंट लागलेला असेल तर तो पूर्ण खरवडावा लागेल, त्यावर चुना धरत नाही.

---

गिरणाकाठ

एका खोलीत लागलेला आहे. पंधरा वर्षांपूर्वीचा, पोपटी. खालच्या बाजूला तुम्ही म्हणता तसेच फुगे आहेत, दाबले की आतून माती गळते! मला वाटायचं वाळवी.

---

चुना_आणि_वाळू

वाळवीही एकदा बघून घ्या. पण बहुतेक ओलच. तेवढी भिंत खरवडून गाऱ्याने लिंपून घ्या. पांढरी माती, गव्हाचं कुटार (भुसा), शेण, पाणी, आणि पाच-सहा दिवस कुजत ठेवायचं. रोज पायाने तुडवायचं. वास बदलतो तेव्हा गारा तयार झाला समजायचा. कुटारामुळे भेगा पडत नाहीत.

---

वाघूर

चुना_आणि_वाळू यांच्या लिखाणात कुटार वाचलं आणि राहवलं नाही. आमची वाघूर नदी जिथून निघते तिथल्या अजिंठ्याच्या लेण्यांत हेच आहे. चित्रांखालचा गिलावा मातीचा, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे. वर चुन्याचा पातळ हात. रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा तेवढा लाजवर्द या निळ्या दगडाचा, तो दूर अफगाणिस्तानाकडून आलेला. दीड हजार वर्षांपूर्वीचं काम. शाळेची सहल घेऊन जातो तेव्हा पोरांना आधी चित्र दाखवत नाही, जिथे चित्र पडलंय ती जागा दाखवतो. तिथे भिंतीत तूस दिसतं. पोरं म्हणतात, "सर, हे तं आमच्या घरासारखं."

---

धाब्यावरची_चिमणी

मला या सगळ्यात एक बोलायचंय, राग मानू नका.

सारवणाचं, गाऱ्याचं, पोताऱ्याचं कौतुक करणाऱ्यांत सारवणाऱ्या किती आहेत? मी लग्न होऊन आले तेव्हा तीन खण घर आणि पुढचं अंगण. दर आठवड्याला शेण गोळा करायचं, उकिडवं बसून सारवायचं. वाकून वाकून माझ्या आईचे गुडघे पन्नाशीतच गेले. खारी माती टाकायला धाब्यावर माझी सासू चढायची, डोक्यावर पाट्या घेऊन, रोहिणी नक्षत्राच्या उन्हात. आमच्या घरात फरशी आली त्या दिवशी मी रडले होते, आनंदाने. मातीचं घर थंड असतं हे मला ठाऊक आहे, मी त्यातच राहिले आहे. पण ते थंड ठेवायला एक बाई तापत असते.

शिकेकाईचं तेच. आठवड्यातून एकदा शिकेकाई कुटून, उकळून, गाळून न्हायला वेळ कुणाला? नोकरीवर जाणाऱ्या सुनेला तुम्ही 'शाम्पू वाईट' म्हणणार का?

---

चुना_आणि_वाळू

ताई, राग कसला. तुमचं म्हणणं माझ्या आईचंच आहे. तिनेही फरशी मागितली होती.

मी आता जी कामं करतो त्यात जमीन शहाबादी फरशीची किंवा दगडाची घ्या म्हणतो आणि भिंती मातीच्याच ठेवा. भिंत रोज सारवावी लागत नाही. वर्षातून एकदा चुना, तोही मजुरी देऊन गड्याकडून. धाब्याची देखभाल जमत नसेल तर वर पत्रा टाका, पण खाली धाबं राहू द्या. उष्णता तेच अडवतं. सिमेंट बनवताना जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे ८ टक्के होतं, म्हणून जिथे भिंत उभी आहे तिथे ती पाडून स्लॅबचं घर बांधू नका, एवढाच माझा आग्रह असतो. कुणाच्या गुडघ्यांवर उभं राहून नाही.

---

मेहरूणची_बोर

चिमणीताई, पटलं.

---

पांझराकाठी

मन्ही मायबी अशीच म्हने. फरशी वनी तवय ती तिनावर हात फिरायी फिरायी दखे.

---

औषधवाली (धुळे)

चिमणीताईंच्या शाम्पूच्या प्रश्नाला : नाही, मी वाईट म्हणणार नाही. शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन असतं, ते फेस करतं आणि तेल सोडवतं. साबणाचा बोरच्या जड पाण्यात राखाडी चोथा होतो आणि केसाला चिकटतो. शिकेकाईचा तसा होत नाही, आणि शाम्पूचाही फारसा होत नाही. म्हणजे खरं काढून टाकायचं असेल तर डोक्याला लावायचा साबण काढा. शिकेकाई जमली तर शिकेकाई, नाही तर साधा शाम्पू, पण सुपारीएवढा, तांब्यात पाणी मिसळून. रिठा डोळ्यांत गेला तर फार झोंबतो, लहान मुलांना नको.

न्हायच्या आधी खोबरेल मात्र सगळ्यांनी लावा. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातली प्रथिनं वाहून जाणं कमी करतं. हे तपासून पाहिलेलं आहे.

घरी बनवून ठेवायच्या क्रीमबद्दल : ज्यात पाणी किंवा कोरफडीचा गर आहे ते आपल्या उन्हात दोन-तीन दिवसांत खराब होतं. बुरशी डोळ्याला दिसायच्या आधीच वाढलेली असते. ताजं करा, ताजं लावा, उरलेलं टाका. कोरफडीचं पान कापल्यावर उभं धरून पिवळा चीक गळू द्या, तो काहींना खाजतो. काजळ घरचं असो की बाजारचं, तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत नको. सुरम्यात तर बऱ्याचदा शिसं असतं. टिकल्यांच्या डिंकामुळे कपाळावर पांढरा ठिपका उठला तर त्या दिवसापासून टिकली बंद, डॉक्टरला दाखवा. आणि गोरं करणारी, कंपनीचं नाव-पत्ता नसलेली क्रीमं कुणीही वापरू नका. त्यांत पारा असू शकतो, तो मूत्रपिंड बिघडवतो. काळी माणसं सुंदर आहेत. हे मी काउंटरवर रोज सांगते.

आणि उन्हाला सगळ्यात चांगलं प्रसाधन आपल्या पोरींना ठाऊकच आहे : तोंडाभोवती घट्ट बांधलेला सुती रुमाल.

---

वाघूर

जाता जाता अजून एक खान्देशी आठवण. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं आणि सांगितलं, जे गावात मिळतं त्यातूनच मांडा. बोसांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून ते नगर सजवलं. देशातला एवढा मोठा चित्रकार यावल तालुक्यात येऊन बांबूत रमला. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला यंदा फ्लेक्स नको म्हणून मी हेच कारण दिलं. मुख्याध्यापक तयार झाले. केळीची खोडं यावलची_केळ यांच्याकडून मागवणार आहे.

---

यावलची_केळ

ट्रॉली भरून देतो. भाडं नको.

---

गिरणाकाठ

तीन महिन्यांनी परत आले, उशिराबद्दल माफ करा. कानबाई झाली.

पोपटी खोली खरवडली. गारा कुजवला. सारवायला मी बसले नाही, गावातल्या दोन गड्यांना रोजाने लावलं. चिमणीताई, तुमचं वाचूनच. चुना पिंपात दहा दिवस मुरवला. पहिला हात मारला तेव्हा भिंत ओली काळी दिसत होती, रंगारी म्हणाला, "ताई, पैसे वाया." दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर सगळी खोली पांढरी, निळसर झाक असलेली. तिसऱ्या हातानंतर पाठ टेकून बघितली. साडीला किंचित लागलं, पूर्वीइतकं नाही. खाली गेरूचा पट्टा आहे. जमीन फरशीचीच आहे आणि राहणार आहे.

मेंदीचं सांगायचं राहिलं. भाचीच्या डॉक्टरांना आधी विचारलं. कुंपणाची पानं तोडली, सावलीत वाळवली, खलबत्त्यात कुटली आणि वस्त्रगाळ केली. चहाचं पाणी आणि साखर घालून रात्रभर भिजवली. भाचीच्या कोपराच्या आत चण्याएवढा ठिपका लावून दोन दिवस थांबलो. काही झालं नाही. शनिवारी रात्री मी, लेक आणि ती, तिघी ओसरीवर बसलो आणि काडीने नक्षी काढली. तिला कोन नको होता. सकाळी खरवडली तर हात फिकट नारिंगी. तोंड एवढंसं झालं होतं तिचं. सोमवारी कानबाई पोहोचवायला नदीवर गेलो तेव्हा ती मधेच थांबली आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. विटकरी, जवळजवळ मातीचा रंग. जुन्या डागावरही चढला होता.

---

तापीपूर्णा

ताई, तुमच्या कुंपणाची कांडी मिळेल का? आमच्याकडे मेंदीचं एकही झाड उरलं नाही.

---

गिरणाकाठ

पाऊस आहे तोवर लागेल. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दहा कांड्या ओल्या पोत्यात गुंडाळून उद्या एसटीच्या पार्सलने टाकते. काळी_माती भाऊंच्या गिलक्याच्या बियाही त्यातच आहेत, माझ्याकडे जास्त आल्या होत्या.